मिठाची वाट

आजगावकर बाईंनी नकाशा टांगला नाही,
शाळेकडे तो नव्हताच.
आम्हाला शिरोड्याच्या मिठागराच्या बांधावर नेलं
आणि छत्रीच्या टोकानं ओल्या गाळात नदी काढली.
ही तिबेर. हा समुद्र.
ह्या काठाला रोम, मेंढपाळांची वस्ती,
त्या काठाला वेई, रोमहून श्रीमंत, रोमहून शहाणं.
आणि मुखाशी हे, म्हणाल्या,
तुमच्या बापांचं आहे तसलंच:
मीठ.

मी टाचेनं खेकड्याचं बीळ बुजवत होतो.
पण ऐकत होतो.

डोंगरातल्या माणसांना मीठ हवं होतं.
मीठ वर गेलं, त्याची वाट पडली,
वाटेची सडक झाली, सडकेवरून काय काय जातं
ते तुम्ही मोठे झालात की कळेल.
वेईला दहा वर्षं वेढा होता, जुने लोक लिहितात.
पण वेढा कोणीही घालतं. रोमचं कसब त्यानंतरचं:
हरलेल्यांतल्या कितीतरी गावांना ते म्हणाले, मित्र.
मित्राकडून सारा नको, धान्य नको,
फक्त माणसं द्या, लढायला.
आता माणसंच येणार म्हटल्यावर
दरसाल लढाई नको का?
नाहीतर असला मित्र काय चाटायचा?

मागून कोणीतरी विचारलं,
बाई, मग मित्राला काय मिळतं?
पुढच्या लुटीतला वाटा, बाई म्हणाल्या,
आणि छत्री गवतावर पुसली.

रुक्मी धाकोरकरणीचा बांध फुटला
भाद्रपदाच्या अवसेला, उधाणात.
मी गडी घेऊन रातोरात गेलो.
पेंढा, चिखल, माडाचे ओंडके, कमरेएवढं पाणी.
पैसा घेतला नाही. वेतोबाशप्पत, घेतला नाही.
एवढंच म्हटलं, मीठ ओढायच्या दिवसांत
तुझे दोन झिलगे पाठव.
पुढल्या साली इनास फर्नांडिसाच्या कोंडीवर
माझा आणि त्याचा शब्दाला शब्द लागला
तेव्हा तेच दोघे माझ्या अंगानं उभे होते,
हातात फावडी.
इनास आता पर्वरीला असतो, लेकीकडे.

झिलू आणि सगुण आरोसकर, सख्खे भाऊ,
एका उघाडीवरून कोर्टात निघाले होते.
वकिलांची पोटं कशाला भरता, मी म्हटलं, बसा.
चहा पाजला. मला आठवत होतं:
आर्दिया आणि आरिकिया, दोन गावं,
एका जमिनीवरून भांडत रोमकडे निवाड्याला गेली.
रोमनं दोघांचं ऐकलं, नीट, शेवटपर्यंत,
आणि निकाल दिला.
जमीन रोमची.

उघाडीची फळी आता माझा गडी उचलतो.

रस्ता मी केला, जांभा घालून, सगळ्यांसाठी.
सगळ्यांचं मीठ त्याच रस्त्यानं येतं,
माझ्या काट्यावर.
संस्थेच्या पाटीवर सगळ्यांची नावं आहेत,
मत चौघांनाच. बाई ह्याला काहीतरी म्हणाल्या होत्या,
अर्धं नागरिकत्व की काय.
मला कोणी वाईट म्हणत नाही.
दशावताराला माझी खुर्ची पहिल्या रांगेत असते
आणि राक्षस मरताना मीही टाळ्या वाजवतो.

गेल्या जत्रेला बाई भेटल्या. डोळ्यांनी अधू.
मी म्हटलं, रोमचा धडा फार उपयोगी पडला.
तो अर्धाच झाला होता रे, त्या म्हणाल्या,
भरती आली म्हणून उठलो आपण.

आज तिन्हीसांजेला बांधावर उभा होतो.
पांढऱ्या राशी, वर झावळ्या, खाली रुक्मीचा नातू बाबल,
फळी उचलून पाणी आत घेत होता.
लेकाचा चांगला तयार झालाय,
वारा बघतो, चंद्र बघतो, माझ्याआधी हिशेब सांगतो.
खाडीपलीकडे दोन दिवे लागले होते.

पलीकडला आगर कोणाचा रे? मी उगाच विचारलं.

त्यानं पाण्यातून हात काढला,
लंगोटीला पुसला,
दिव्यांकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाला,

अजून तेंचाच.