लावांदेरा

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मंगळवारच्या तासाला,
नाडगौडा बाईंनी पडद्यावर पक्षी लावला.
काळा-पांढरा, शेपूट सारखी खाली-वर.
डच त्याला म्हणतात चपळशेपट्या,
इटलीत नर्तकी,
स्पॅनिशमध्ये लावांदेरा.
जुन्या फ्रेंचांचंही तेच: धुणं धुणारी बाई.

आणि मराठीत?
वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.
मला होतं. मी वहीत रेघा ओढत बसले.
शाळेत मला त्याच नावानं चिडवायचे.

परीट.

थंडीत यायचा तो ओंकारेश्वराच्या खाली,
आमच्या दगडाशेजारी.
शेपूट आपटायचा, किडे टिपायचा,
फडकंसुद्धा कधी भिजवलं नाही त्यानं.
तरी नाव त्याचं, पुल्लिंगी,
जसं दुकानाच्या पाटीवर बापूंचं,
आणि मुठेच्या पाण्यात गुडघाभर आई.

तिला अक्षर येत नव्हतं.
बिब्ब्याच्या खुणेवरून घर ओळखायची:
दोन टिंबं, आडवी रेघ, म्हणजे शनिवारातले गोवंडे.
एकुलती फुली म्हणजे डॉक्टरीणबाई,
त्यांच्या साडीला नीळ कमी.
गावभर नावं तिनंच घातली,
तिची खूण मात्र कशावर नव्हती.

तास संपता संपता हात वर केला.
"परीट म्हणतात, बाई.
पण स्पॅनिशचं बरोबर आहे."
का, ते सांगायला जमलं नाही.

रात्री आईला सांगितलं.
ती सोसायटीचे शर्ट घेऊन बसली होती,
ओंजळीनं पाणी शिंपडत.
"तिकडं बाईचं नाव?"
इस्त्री जरा थांबली.
"मग तिकडं कुणीतरी
नदीवर जाऊन बघितलंय."
आणि कॉलर उलटी केली.