सहाशे बारा मैल

ब्राझील नावाचं गाव इंडियानात आहे
हे चौदा वर्षं इथं काढून मला परवाच कळलं.
टेर होटपासून सोळा मैल, रस्ता नाकासमोर,
दोन्ही अंगांना मक्याची धसकटं.
शेजारच्या कोरीनने सोडलं आणि ती गाडीतच बसून राहिली,
हिटर लावून.

तीन चाकांची मोटरसायकल, एकच मालक,
चाललेली फक्त सहाशे बारा मैल.
तन्मय फोनवर हसला होता : आई, रिक्षा घेतेस होय?
वर म्हणाला, तीन तिघाडा.
मी म्हटलं, गुडघ्यात स्टील बसल्यापासून
काठी धरून मीही तीन पायांचीच आहे,
माझं काय बिघडलंय?

मार्लीनबाईंनी शटर वर केलं.
भरताच्या वांग्यासारखी जांभळी, चकचकीत.
रिव्हर्स गिअरसुद्धा आहे, त्या म्हणाल्या.
मिरजेत एक्क्याऐंशी साली माझी लुना होती,
चढावर पेडल मारायचे पदर खोचून.
तिला पुढचाच गिअर धड नव्हता.

टायर पाहिले. रबराचे केस शाबूत,
जावळ न काढलेल्या बाळासारखे.
मग सीट पाहिली.
मधोमध खड्डा, शिवण उसवलेली,
उजवी मूठ झिजून गुळगुळीत.
ऑइलची काडी पुसली, बुडवली, वर काढली :
काजळ.
काटा मागे फिरवलाय, मी मनात म्हटलं.
तोंडाने एवढंच विचारलं,
सहाशे मैलांत इतकी कशी झिजली?

त्या रागावल्या नाहीत.
एक उन्हाळा डेलने चालवली, म्हणाल्या,
मग अर्धांगवायू.
डॉक्टरांनी रस्त्यावर जायला मनाई केली,
बसायला नव्हती केली.
रोज जेवून झाल्यावर इथं,
शटर उघडं, इंजिन चालू, दिवा बंद.
दोन हिवाळे, मांडीवर गोधडी.
समोरच्यांनी तक्रार केली,
तेव्हापासून साडेआठपर्यंतच.

आणि तुम्ही?
मी मागे,
म्हणत त्यांनी मागच्या सीटवर हात ठेवला.
तीही दबलेली होती.
जरा डावीकडे.

घासाघीस मी केलीच.
काळं ऑइल ते काळंच.
त्यांनी तीनशे सोडले, मी दोनशे वाढवले,
कागदावर सही करताना
त्यांचं पेन चालेना, माझं दिलं.
हेल्मेट देऊ का, विचारलं त्यांनी.
मी माझं आणलं होतं.
नाही म्हटलं, आणि ते नाही
रस्ताभर हेल्मेटच्या आत माझ्यासोबत होतं.

घरी पोचले तेव्हा सहाशे अठ्ठावीस.

मेकॅनिक म्हणतो, सीट बदलून घ्या, महाग नाही.
घेईन.
तो खड्डा मला मोठा होतो,
सध्या खुर्चीवरची हिरवी उशी ठेवते.
शनिवारी बाजारातून येताना
भाजीची पिशवी मागे बांधते,
मेथी, कांदे, कधी दुधाचा कॅन.
कितीही घट्ट बांधा,
घरी येईतो
डावीकडे कललेली असते.