दीज ट्रक

पिसुर्ल्याच्या शाळेत पाचवीच्या वह्या,
दर्पणा माजीकचा निबंध, ओळ चौथी:
'दीज ट्रक इज ऑफ माय पपा.'

आपल्याकडे काळा दगड, काळी माती, काळे ढग;
विशेषण नामाचं तोंड बघून बोलतं.
इंग्रजीत ब्लॅक तो ब्लॅकच, एक असो की शंभर.
धिस आणि दीज तेवढे
अजून नामाची विचारपूस करतात.

लाल पेन थांबलं.
मागे जाऊन दीजचं धिस करावं,
की पुढे ट्रकला एक एस जोडावा?
व्याकरणाला दोन्ही चालतं.
खरं काय ते व्याकरणाला ठाऊक नसतं.

हाक मारली. "ट्रक कितले गो?"
"दोन आशिल्ले, सर."
मग बोटानं बाकावरची खपली काढत,
"एक चवथीआधी विकलो."
उरलेला चिंचेखाली. खाण बंद झाल्यापासून
त्याच्या हौद्यात कोंबडी अंडी घालते,
हे तिनं न विचारता सांगितलं.

मी पेनाला टोपण लावलं
आणि पेन्सिलीनं, पुसता येईल इतपत,
धिस लिहिलं.

पुढच्या ओळीत होतं: 'मेनी डस्ट'.
तिथे टोपण परत काढलं.
धूळ मोजत नाहीत, बाय.
मच.