पडण्याचा धोका

वेइक्को कल्लुंकी, वय सत्त्याऐंशी,
ओउलूच्या गोठलेल्या समुद्रावर चालत जाऊन
बर्फाला भोक पाडून मासे धरणारा,
न्यूमोनिया घेऊन आला, पण आपल्या पायांनी.

आम्ही मनगटाला पिवळा पट्टा बांधला,
गादीखाली घंटा.
तो उठू बघायचा, ती कोकलायची,
मी धावत यायची : बसा हो, वेइक्को, बसा.
रात्री आम्ही दोघी. पेशंट बावीस.

अकराव्या दिवशी छाती स्वच्छ. घरी जा म्हणाले.
त्यानं पाय खाली सोडले
ते लोंबत राहिले, उसने आणल्यासारखे.

कागदावर मी लिहिलं :
एकदाही पडला नाही.
खोटं काहीच नाही त्यात.

खिडकीशी खुर्ची नेली तर विचारतो,
बर्फ झालाय का गं जाड,
माणूस पेलेल इतका?