पाचशे बारा

माळ्यावरून कालच उतरवलेला कूलर,
पंप बंद. खसाला वास आहे, ओल नाही.
मनीषनगर, तिसरा मजला, रात्रीचे दोन.
मी बघतेय, कर्नल मोठं पान कसं सोडतो:
एक चिमुकलं पान उचलतो,
त्यावरची खूण पुसतो, नोंद करतो, ठेवतो.
मग दुसरं.
असं पाचशे बारा वेळा.
सगळी एकाच दमात मागितलेली, सलग, शेजारी शेजारी,
तरी निरोप मात्र प्रत्येकीला वेगळा.

सकाळी कळमन्यात मृगबहाराचा शेवटचा माल.
काकाच्या टेम्पोतून झोळबाजी उईके उतरवत होते
आणि मी उगाच मोजत उभी.
"पेटी उचल ना वं पोरी,
संत्रे काहून मोजतं?"

म्हणून लूप खोडला.
आता फक्त पहिल्या पानाला विचारायचं:
अजून कुणी धरलंय का?
शून्य आलं की अख्खी पेटी एकदम खाली.

पण एक चाचणी पडली. मग दुसरीही.
एक पान, तिनशे सातवं,
कुणीतरी अजून वाचत होतं.

तेव्हा आठवलं, उचलण्याआधी झोळबाजी
फळीखालून हात फिरवतात.
मला वाटायचं, सवय असेल.
फटीत एखाद्या पोराची बोटं असतात.

चार ओळी वाढल्या. वेळ तरीही पुष्कळ कमी.
कुणाला कळणारही नाही;
कुठेतरी एक प्रोग्राम मरेल
आणि त्याची जागा जरा लवकर मोकळी होईल.

उजाडलं की पंप खोलीन.
स्क्रू आठ आहेत, गंजलेले.
ते मात्र एकेकच निघतील.