आवक-जावक

एकतीस वर्षं मी आवक विभागात होते,
बेलापूरला, तळमजल्यावर, जिन्याखाली.
अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, तारीख घालायची,
पोचपावतीवर नंबर लिहून द्यायचा.
पुढचं सगळं वरच्या मजल्यांवर.
वर काय होतं, ते खरंच
मला कधी कळलं नाही.

म्हणून पाळकसाहेब जेव्हा म्हणाले,
सत्त्वशीलाबाई, देव तीनच उत्तरं देतो,
हो, नाही, आणि थांब,
तेव्हा मला हसू आलं, पुढच्या बाकावर बसून.
आमच्याकडेही तीनच शिक्के होते.
चौथ्या प्रकाराला शिक्का नसतो.
तो नुसता पडून असतो.

एलियाचं डायलिसिस वाशीला, सोम-बुध-शनी.
साखळी-प्रार्थनेत माझा तास पहाटे तीन ते चार.
नेरूळच्या खिडकीतून पामबीच रोडचे दिवे,
गुडघ्यांखाली घडी घातलेली सोलापुरी चादर,
आणि मी अर्ज करत होते. नीट. विषय, संदर्भ.
संदर्भ: आपण त्या आंधळ्याला विचारलंत,
तुला काय हवंय म्हणून.
मला हे हवंय.
कुठे त्रुटी राहिली का, तेही तपासलं.
जावेशी बारा वर्षांचा अबोला होता,
फोन करून मोडला. ती रडली.
मी रडले नाही, मला घाई होती.

तेरा महिन्यांनी एलिया गेला, एका रविवारी,
उपासना चालू असताना.
एक जण म्हणाली, विश्वास कमी पडला.
मी तिला चहा दिला. साखर बरोबर घातली.

दहाव्या दिवशी कामावर गेले.
मंगळवार होता, म्हणजे पोशा भोईर येणार.
घणसोलीचे. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट,
मिठागराकडची बापाची जमीन गेली, तिच्या बदल्यातला.
अकरा वर्षं दर मंगळवारी,
"काय झाला गो बाय, आला का काय?"
आणि अकरा वर्षं मी, "प्रक्रियेत आहे."

त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.
समोरच्या बाकड्यावर बसले, टोपी मांडीवर घेऊन,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
ते गेल्यावर मी पहिल्यांदा रेकॉर्ड रूममध्ये शिरले,
वाळवीच्या गठ्ठ्यांत संध्याकाळ केली.
पुढच्या मंगळवारी सांगितलं, फाईल नाही.
बहुधा कधीच वर गेली नाही.
"म्हायत हाय मना," ते म्हणाले.
मग का येता?
"तू पानी देतंस."

यावर उपदेश होऊ शकतो. मी करणार नाही.
पाण्याने प्लॉट मिळत नाही.
त्यांचे मुलगे अजून भाड्याच्या खोलीत,
आणि एलियाच्या चपला अजून दाराशी,
डावी टाच झिजलेली.
फक्त एवढंच, की बागेतल्या त्या रात्री
मुलानेही बापाकडे एक गोष्ट मागितली होती,
घाम गळेपर्यंत,
आणि सोबतचे सगळे झोपले होते.
एक देवदूत येऊन बळ देऊन गेला म्हणतात.
पेला मात्र जागचा हलला नाही.
हे मी लहानपणापासून ऐकत आले.
नोंद आत्ता घेतली.

आता निवृत्त आहे. पोशाबाबाही गेले, कागदाशिवाय.
पहाटेचा तास कुणी नेमून दिलेला नाही, तरी जाग येते.
काही मागत नाही असं नाही, मागतेच:
नातीचा दमा, जावेची पाठ,
आणि कधी कधी, सवयीने, अजून एलिया.
पोचपावती तेवढी मागत नाही.
घसा कोरडा पडला की उठते,
माठातलं पाणी घेते,
परत येऊन बसते.