ळ

मे महिना, गोळीबार चौक. गुणवंत हेडाऊ
पंखा बंद करून बसलाय.
वाऱ्यानं ज्योत हलते, आणि ज्योत हलली की
काच मोडते, वळत नाही.

पाटीवर यायचंय: उजळ ड्रायक्लीनर्स, निळ्या नियॉनमध्ये.
समोर ॲस्बेस्टॉसवर उलटी अक्षरं,
आरशात दिसावीत तशी.
उ झाला. ज झाला.
ळ सकाळपासून दोनदा फुटला.

"उजयवाल्याले आजच द्या लागते," म्हणतो.
त्याच्या जिभेवर ळ नाहीच.
डोळ्याचा डोया, जवळचं जवय.
मास्तरांच्या छडीनंही तो आला नाही.

रबरी नळी दातांत धरतो.
काच शिजल्या शेवईसारखी लोंबते
त्या चार सेकंदांत फुंकायचं,
बशीतल्या चहावर फुंकतो त्याहून हळू,
नाहीतर वळणावर भिंती चिकटतात
आणि उजेडाला पुढं जाता येत नाही.

मी काही विचारत नाही.
त्याचा श्वास आत गेलाय,
ळच्या एका पोटातून दुसऱ्या पोटात,
काच निवेपर्यंत
पोकळी धरून.

मग नळी काढतो, पंखा लावतो,
भाजलेलं बोट तोंडात घालतो.
"झाला," म्हणतो,
"तुमचा तो."